निकोटिनची लस कुठे अडली, आणि दादाने तिची वाट बघावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दादा 20 वर्षं रोज एक पाकीट ओढतो, निकोटिनचा गम दोनदा करून बघितला, दोन्ही वेळा महिन्याच्या आत गाडी परत मूळपदावर, आणि आता त्याने कुठेतरी वाचलंय की सिगारेट सोडवणारी लस येतेय, तर तो म्हणतो लस आली की टोचून घेतो, तोवर उगाच गोळ्या कशाला. सरळ उत्तर आधी देऊन टाकते. अशी लस आज जगात कुठेही मंजूर नाहीये. आणि ती ‘येतेय’ असं मी माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांपासून ऐकतेय.

दादाला हसू नका मात्र. मी व्यसनमुक्तीचंच काम करते आणि 2009-10 च्या सुमारास मलाही वाटत होतं की आता ही लस आलीच, पेशंटना तसं बोलूनही दाखवायचे, ज्याची आता लाज वाटते कारण त्यातल्या एकाने खरंच चालू असलेली गोळी बंद केली आणि लसीची वाट बघत बसला. तर ती लस का आली नाही हे जरा नीट सांगते, कारण त्यातच दादाच्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

आयडिया फार सुंदर आहे, हे आधी मान्य करू. निकोटिनचा रेणू इतका छोटा असतो (रेणुभार 162) की आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून तर 20 वर्षं रोज धूर आत घेऊनही दादाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध कामाची अँटीबॉडी नाही. पण तोच छोटा रेणू एखाद्या मोठ्या प्रोटीनला रासायनिक धाग्याने बांधला की शरीर त्या अख्ख्या गाठोड्याला परका समजतं आणि मग निकोटिनविरुद्धही अँटीबॉडी बनवतं. अशा छोट्या, स्वतःच्या बळावर काही न करू शकणाऱ्या रेणूंना हॅप्टेन म्हणतात, हे नाव रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनरनी दिलेलं, म्हणजे तत्त्व शंभर वर्षं जुनं. आता गंमत अशी की अँटीबॉडी आकाराने अवाढव्य, ती रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही, मग तिने पकडलेलं निकोटिनही बाहेरच अडकतं. झुरका घेतल्यावर 10-20 सेकंदात मेंदूत जी लाट जाते ती दारातच अडवायची. सिगारेट ओढली तरी मजा नाही, मजा नाही तर ओढायची कशाला. कागदावर यात खोट काढता येत नाही.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. 1974 साली ‘नेचर’मध्ये एक छोटा पेपर आला होता, हेरॉइनची सवय लावलेल्या एका माकडाला मॉर्फिनविरुद्ध लस दिली (हेरॉइनचं शरीरात मॉर्फिनच होतं) तर ते स्वतःहून हेरॉइन घ्यायचं कमी झालं, पण कोकेन मात्र घेतच राहिलं. म्हणजे अँटीबॉडी जिच्यासाठी बनवली तेवढीच वस्तू अडवते, बाकीच्यांना वाट मोकळी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग 2000 नंतर दोन-चार कंपन्या निकोटिनच्या मागे लागल्या. प्रत्येकीने निकोटिन वेगवेगळ्या घोड्यावर बसवलं. अमेरिकेतल्या नाबी कंपनीने ‘निकवॅक्स’साठी सुडोमोनास जिवाणूचं निर्विष केलेलं प्रोटीन घेतलं, स्वित्झर्लंडच्या सायटॉसने जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचं रिकामं कवच घेतलं, झेनोव्हाने कॉलराच्या टॉक्सिनचा एक निरुपद्रवी तुकडा, स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीने धनुर्वाताचं टॉक्सॉइड, म्हणजे निर्विष केलेलं विष. या सगळ्यात निकवॅक्स सगळ्यात पुढे गेली. 2009 मध्ये अमेरिकन सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजने तिच्या तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या चाचण्यांना, पैसे दिले, त्याच वर्षी ग्लॅक्सो या बड्या औषधकंपनीने नाबीशी करार केला. तिसऱ्या टप्प्यात साधारण 1000-1000 लोकांच्या दोन ट्रायल झाल्या. पहिलीचा निकाल जुलै 2011 मध्ये आला: लसवाल्यांत साधारण 11 टक्के लोकांनी सोडली आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांतही साधारण 11 टक्के. नोव्हेंबरमध्ये दुसरीचाही तोच सूर. संपलं. सायटॉसची लस नोव्हार्टिसने घेतली होती, तिची पुढची ट्रायल 2009 मध्येच आपटलेली. 2012 चा कॉक्रेन रिव्ह्यू (सगळ्या ट्रायल एकत्र तपासणारा आढावा) आला त्यात चार ट्रायलचा हिशोब होता आणि एकीतही दीर्घकाळाचा फायदा दिसला नव्हता.

मग आधी एवढा गाजावाजा कशावर होता? इथे जरा थांबते कारण ही चूक आमच्या धंद्यात पुन्हा पुन्हा होते. सायटॉसच्या 341 लोकांच्या ट्रायलमध्ये सगळे मिळून बघितलं तर लस आणि प्लसिबोत, म्हणजे त्या खोट्या इंजेक्शनात, म्हणावा असा फरक नव्हता. पण ज्या एक तृतीयांश लोकांच्या रक्तात सगळ्यात जास्त अँटीबॉडी तयार झाल्या फक्त त्यांना वेगळं काढलं तर त्यांच्यातले 57 टक्के दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात सिगारेटपासून लांब होते, प्लसिबोत 31. निकवॅक्सच्या दुसऱ्या टप्प्यातही तसंच, 301 लोक होते, त्यातल्या वरच्या 30 टक्के अँटीबॉडीवाल्यांत 24.6 टक्के यश, प्लसिबोत 12. आकडे वाचून कोणीही उडी मारेल, मीही मारली. सगळ्यांनी हिशोब केला की चला, आता फक्त अँटीबॉडी वाढवायच्या, एखादा डोस जास्त द्यायचा.

पण विचार करा, चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते ते लस आणि प्लसिबो असे. जास्त अँटीबॉडी आणि कमी अँटीबॉडी हे गट चिठ्ठ्यांनी नाही पडले, ते शरीराने पाडले. ज्याच्या अँटीबॉडी जास्त झाल्या तो माणूस कदाचित मुळातच जास्त तब्येतीचा असेल, कमी ओढणारा असेल, सगळे डोस वेळेवर घेणारा असेल, आणि जो वेळेवर डोस घ्यायला येतो तो सिगारेटही जरा जास्त निश्चयाने सोडतो हे मी रोज ओपीडीत बघते. म्हणजे लसीने सोडवली की सोडू शकणारी माणसंच त्या टोपलीत जमली, हे त्या आकड्यातून कळत नाही. तिसऱ्या टप्प्यात ही शंका फिटली, आणि ती आशेच्या बाजूने फिटली नाही.

आता माझा आवडता हिशोब. हा ट्रायलच्या आधी पाटीवर करता आला असता आणि काही लोकांनी केलाही असेल. एका सिगारेटमधून शरीरात साधारण 1 मिलिग्रॅम निकोटिन जातं, कधी थोडं जास्त. अँटीबॉडीचा रेणू साधारण दीड लाख वजनाचा, म्हणजे निकोटिनच्या नऊशेपट भारी, आणि एवढा मोठा देह असून त्याला हात फक्त दोन, म्हणजे एक अँटीबॉडी दोनच निकोटिन पकडणार. त्यामुळे 1 मिलिग्रॅम निकोटिन पूर्ण पकडायला साडेचारशे मिलिग्रॅमच्या वर अँटीबॉडी हवी. आता समजा लस चांगली लागली आणि रक्तद्रवात दर मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम अँटीबॉडी झाली, जी फार थोड्या लोकांत व्हायची. माणसाचा रक्तद्रव सुमारे 3 लिटर, म्हणजे रक्तात एकूण 300 मिलिग्रॅम. एका सिगारेटलाही पुरत नाही! दादाच्या 20 सिगारेटी एकदम बांधायच्या म्हटलं तर 9 ग्रॅम लागेल, आणि माणसाच्या रक्तद्रवात सगळ्या रोगांविरुद्धची सगळी आयजीजी (रक्तातली मुख्य जातीची अँटीबॉडी) मिळून साधारण 30 ग्रॅम असते. एका व्यसनासाठी तिजोरीचा तिसरा हिस्सा कोणतं शरीर काढून देईल?

अर्थात 20 सिगारेटी एकदम ओढत नाही कोणी, निकोटिनचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण दोन तासांचं, लिव्हर ते साफ करत राहतं आणि अँटीबॉडीने सोडलेला हात पुन्हा वापरता येतो, शिवाय लसीचं खरं काम सगळं निकोटिन गिळायचं नसून मेंदूकडे जाणारी पहिली उसळी मोडायची आहे. हे सगळं धरूनही गणित तोकडंच पडतं, कारण मेंदूची बाजू फार स्वस्तात भागते. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर निकोटिन बसतं त्यातले निम्मे भरायला एक-दोन झुरके पुरतात, हे 2006 मध्ये स्कॅनिंग करून दाखवलंय. पूर्ण एक सिगारेट झाली की जवळपास सगळे भरलेले. आता समोरून वीस झुरके येतायत आणि तुम्ही त्यातले पाच-सहा अडवले तर घरातल्याला कळणार तरी काय? लस घेतलेल्या काही लोकांचं असंच स्कॅनिंग 2013 मध्ये छापून आलं, त्यात रिसेप्टरवर बसलेलं निकोटिन साधारण 12 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. म्हणजे लस काम करत होती हो, खोटं नव्हतं. कमी पडत होती.

आता दुसरी बाजू, जी गणितात येत नाही आणि जी दादाला समजावून सांगा. समजा उद्या शंभर टक्के पकडणारी लस निघाली. सकाळी उठल्यावर त्याला जी तलफ येते, हात शिवशिवतात, चिडचिड होते, डोकं लागत नाही, ती तलफ निकोटिन *नसल्याने* येते. लस निकोटिनला मेंदूबाहेर ठेवते, म्हणजे तलफ भागवणारी वस्तू काढून घेते आणि तलफ तशीच ठेवते. गोळी किंवा पॅच बरोबर उलटं करतात, ते तलफेला थोडं खायला घालतात. म्हणून लसीवर असलेला माणूस पहिल्या आठवड्यात तसाच तळमळतो जसा काहीही न घेतलेला तळमळतो, आणि बहुतेक लोक परत सुरू करतात ते याच पहिल्या एक-दोन आठवड्यात. वर ते माकड आठवा: एकच वस्तू अडवली. सवय, मित्रांची सोबत, बाहेर जाऊन पाच मिनिटं एकटं उभं राहायचं निमित्त, यातलं काही अँटीबॉडीला दिसत नाही. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांना निकोटिनपेक्षा त्या पाच मिनिटांचंच व्यसन होतं असं मला शेवटी शेवटी वाटायला लागलं, सिगारेट सुटली तरी त्या ठरलेल्या वेळी बाहेर जाऊन उभ्या राहायच्या आणि मी म्हटलं राहा की.

वेळेचाही घोळ आहे. दादाला वाटतं एकदा टोचलं की झालं. निकवॅक्सची पाच-सहा इंजेक्शनं होती, काही महिन्यांत पसरलेली, आणि अँटीबॉडी चढायलाच आठवडेच्या आठवडे जायचे, म्हणून आधी डोस देत राहायचं आणि सोडायची तारीख मागे ठेवायची. आज मनाने घेतलंय त्याला म्हणायचं दोन-अडीच महिने थांब. आणि चढलेली अँटीबॉडी पुन्हा उतरते. गोवरासारख्या रोगात खरा विषाणू परत दिसला की शरीराची आठवण ताजी होते, इथे मात्र सिगारेट ओढली म्हणून बूस्टर मिळत नाही, कारण धुरातलं निकोटिन सुटं असतं, त्या मोठ्या प्रोटीनला बांधलेलं नसतं, मग शरीर पुन्हा ढुंकून बघत नाही. इंजेक्शनं घेत राहा.

मग कोणी म्हणेल की ओढणाऱ्याला नको, सोडलेल्याला द्या. खरं सांगू, मला आजही लसीची एकच जागा दिसते ती हीच. ओढत असणाऱ्याच्या अँटीबॉडीचे हात दिवसभर भरलेलेच असतात, पण सोडून तीन महिने झालेल्या माणसाचे हात रिकामे असतात, तो एखाद्या लग्नात चुकून एक ओढेल तेव्हा त्या एका सिगारेटला त्या पुरतील, निदान बऱ्यापैकी. वरचं गणित बघा, एका सिगारेटच्या आसपासच येतं ते. पण स्वीडनच्या त्या धनुर्वात टॉक्सॉइडवाल्या लसीची ट्रायल याच विचाराने केली होती, सोडलेल्यांनी परत सुरू करू नये म्हणून, आणि तिचाही उपयोग दिसला नाही कारण अँटीबॉडी फारच कमी तयार झाल्या. नेदरलँड्समध्ये 558 लोकांवर निकवॅक्स आणि व्हरेनिक्लिन गोळी एकत्र करून बघितली, म्हणजे गोळी तलफ सांभाळेल आणि लस मजा मोडेल, कल्पना मला अजूनही पटते, पण नुसत्या गोळीपेक्षा जास्त काही मिळालं नाही.

सध्या काय चाललंय ते पटकन सांगते कारण दादाने वाचलेली बातमी बहुधा यातलीच कुठली तरी असणार. तंबाखूतलं निकोटिन जवळजवळ सगळं एकाच हाताचं असतं, म्हणजे डावा-उजवा असतो ना तसं, आणि आधीच्या लसी दोन्ही हातांचं मिश्रण वापरायच्या, मग निम्मी अँटीबॉडी चुकीच्या हातमोज्याची. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या किम जांडांच्या लॅबने फक्त योग्य हाताचं वापरून उंदरांमध्ये बरंच चांगलं काम मिळवलं. काहींनी नॅनोपार्टिकल वापरून बघितले. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये 2012 साली अँटीबॉडीचं जीनच विषाणूच्या पाठीवर बसवून उंदराच्या लिव्हरमध्ये घातलं, मग लिव्हर स्वतःच अँटीबॉडी बनवत बसलं. आणि माझ्या मते सगळ्यात डोकेबाज म्हणजे जांडांच्याच लॅबचं 2015 चं एन्झाइमचं काम. तंबाखूच्या शेतातल्या मातीत एक जिवाणू सापडला जो निकोटिन खाऊनच जगतो, त्याचं एन्झाइम काढून उंदराच्या रक्तद्रवात घातलं तर निकोटिनचं अर्धायुष्य दोन-तीन तासांवरून 9 ते 15 मिनिटांवर आलं. अँटीबॉडीचे दोन हात भरले की ती थांबते, एन्झाइम मात्र एक संपवून दुसऱ्याला लागतं, त्यामुळे वरचा पाटीवरचा हिशोब त्याला लागू होत नाही. पण हे सगळं उंदीर आणि परीक्षानळी. दादाच्या फुप्फुसांना तेवढा वेळ नाहीये.

हो, आणि तुम्ही विचारलंय की लसीने नुकसान झालं असतं का. तसं नाही, ट्रायलमध्ये त्या बऱ्यापैकी सुरक्षित निघाल्या, दंड दुखणं, ताप, अंगदुखी एवढंच मुख्यतः. भीती होती की लोक लस हरवायला दुप्पट ओढतील, कोकेनच्या लसीत काहींनी तसा प्रकार केला होता, निकोटिनमध्ये तसं फारसं झालं नाही. व्हेपला वेगळी लस लागेल का, तर नाही, निकोटिन तेच.

आता दादा. गम ‘फेल’ गेला म्हणजे काय झालं हे मला आधी कळायला हवं, कारण दहातले आठ लोक गम च्युइंगमसारखा चघळतात, सगळं निकोटिन थुंकीबरोबर पोटात, उचकी, मळमळ, आणि मग म्हणतात सूट होत नाही. चार-पाच वेळा चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन चावे, असं अर्धा तास. आणि रोज पाकीटभर ओढणाऱ्याला नुसता 2 मिलिग्रॅमचा गम म्हणजे भुकेल्याला बडीशेप. दिवसभराचा पॅच लावून वरून तलफेपुरता गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते. दुसरा रस्ता व्हरेनिक्लिनचा, जी गोळी निकोटिनच्याच रिसेप्टरवर अर्धवट बसते, थोडी तलफ भागवते आणि वरून सिगारेट ओढली तरी तिला बसायला जागा देत नाही. म्हणजे लसीला जे बाहेरून जमलं नाही ते ही आतून करते, शिवाय तलफही सांभाळते. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, मग चार दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा आणि साधारण तेव्हाच सोडायची तारीख, एकूण 12 आठवडे. मळमळ होते, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली तर कमी होते, स्वप्नं चित्रविचित्र पडतात. डोक्यावर परिणाम होतो म्हणून पूर्वी भीती होती, 2016 मध्ये आठ हजारांवर लोकांची मोठी ट्रायल आली त्यात प्लसिबोपेक्षा तसा त्रास वाढलेला दिसला नाही. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून स्वतःहून आणून सुरू करायची नाही. सायटिसिन नावाची तिची जुनी चुलतबहीणही आहे, 1964 पासून बल्गेरियात वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शनात व्हरेनिक्लिन, निकोटिनचे पॅच-गम, ब्युप्रोपियन आणि सायटिसिन ही चारच औषधं आहेत, लस त्यात नाही.

दादाला एवढंच विचारून मला कळवा: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटते, गम किती मिलिग्रॅमचा होता आणि दिवसाला किती घेत होता, आणि दोन्ही वेळा परत पहिली ओढली तेव्हा तो कुठे होता आणि कोणाबरोबर. किडनीचा किंवा फिट येण्याचा काही इतिहास असेल तर तोही सांगा, ब्युप्रोपियन फिट येणाऱ्याला देत नाहीत. पाच मिनिटांच्या आत पेटत असेल तर मी नुसत्या गमकडे परत जाणार नाही.